न हलणारं मूल

तीन वर्षांच्या मुलाची भुवई फुटलेली असते. जखम डोळ्यापासून बोटभर अंतरावर. टाके घालायला हवेत, आणि टाके घालताना मुलाने झटकन मान वळवली तर सुई कुठे जाईल हे वेगळं सांगायला नको. मग ड्रेसिंग रूममध्ये एकच शब्द ऐकू येतो, 'धरा.' मावशी पाय धरतात, वॉर्डबॉय डोकं धरतो, सिस्टर चादरीत हात गुंडाळतात आणि बाप बाजूला उभा राहून 'झालं, झालं, एकच मिनिट' असं म्हणत राहतो. थोड्या वेळाने टाके पडलेले असतात, व्रण फारसा दिसणार नसतो आणि काम चांगलं झालं असं सगळेच म्हणतात.

हे प्रकरण त्या थोड्या वेळाबद्दल आहे. मुलाला हलू न देण्याची गरज खरी असते. ती नाकारणाऱ्याने कधी किंचाळणाऱ्या मुलाच्या पापणीला टाका घातलेला नसतो. पण या गरजेच्या आडून वैद्यकाने फार मोठ्या काळापर्यंत एक घातक गल्लत केली. मूल हललं नाही म्हणजे त्याला दुखलं नाही, आणि दुखलं असलं तरी ते विसरून जाईल, असं धरून चाललं गेलं. या गल्लतीचा शेवटचा मोठा अध्याय फार जुना नाही. आज चाळिशीत असलेली माणसं तेव्हा पाळण्यात होती.

सुरुवात मात्र जुन्या ग्रंथापासून करावी लागेल. सुश्रुतसंहितेत मूत्राशयातला खडा काढण्याची शस्त्रक्रिया सांगितली आहे. फळीवर एक धिप्पाड माणूस बसतो, रोग्याला त्याच्या मांडीवर उताणं टेकवलं जातं, गुडघे आणि कोपरं वाकवून कापडाने किंवा दोरीने एकत्र बांधली जातात, आणि मग शस्त्र चालतं. हा विकार बहुतेक करून मुलांना होतो, असंही सुश्रुत नोंदवतो. म्हणजे त्या दोरीत बांधले जाणारे हातपाय पुष्कळदा लहानच असत. त्याच ग्रंथात कर्णवेधाचा विधीही आहे. सहाव्या किंवा सातव्या महिन्यात मूल सांभाळणाऱ्या माणसाच्या, म्हणजे 'कुमारधरा'च्या, मांडीवर बसवायचं, खेळणी दाखवून त्याचं मन गुंतवायचं, गोंजारत राहायचं, आणि पाळीतली उन्हात पारदर्शक दिसणारी जागा शोधून तिथे सुई घालायची. मला या दुसऱ्या वर्णनाचं फार अप्रूप वाटतं. मांडी, खेळणं, गोंजारणं, कुशल हात आणि अचूक जागा : आजच्या उत्तम बालरुग्णालयात शिकवतात ते बरंचसं यात आलं आहे. दोरी आणि खेळणं या दोन्ही गोष्टी एकाच ग्रंथात होत्या. पुढे जगभर दोरीचा वापर वाढत गेला.

अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये विल्यम चेझल्डेन हा शल्यविशारद खडे काढण्यासाठी गाजला होता. त्याच्या पद्धतीने शस्त्रक्रिया मिनिटभरात उरकत असे. त्याने स्वतः दिलेल्या हिशेबात २१३ रुग्ण आहेत. त्यांपैकी १०५ जण दहा वर्षांखालचे होते आणि त्या १०५ मुलांपैकी फक्त ३ दगावली. त्या काळाच्या मानाने हे यश थक्क करणारं होतं. भूल नव्हती, जंतूंची कल्पना नव्हती. मुलाची मनगटं घोट्यांना बांधून चारपाच माणसांनी त्याला दाबून धरणं आणि शल्यविशारदाने घाई करणं, एवढीच दया शक्य होती. चेझल्डेनला दोष देण्यात अर्थ नाही. जे हाताशी होतं त्यातलं सर्वांत चांगलं तो करत होता.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनमध्ये विल्यम मॉर्टनने ईथरची भूल जाहीरपणे दाखवली आणि पुढच्याच वर्षी एडिंबरोत जेम्स यंग सिम्पसनने क्लोरोफॉर्म आणलं. आता मुलांना बांधायचं कारण उरायला नको होतं. पण जानेवारी १८४८ मध्ये इंग्लंडात न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचं नख काढताना क्लोरोफॉर्म दिल्यावर काही क्षणांत मरण पावली. क्लोरोफॉर्मने झालेला हा नोंदलेला पहिला मृत्यू. किरकोळ कामासाठी भूल द्यायची आणि मूल गमवायचं, ही धास्ती डॉक्टरांच्या मनात खोल बसली, आणि ती खोटी नव्हती. त्यातूनच 'छोट्या' शस्त्रक्रियांचा एक वर्ग तयार झाला. गळू फोडणं, टाके, दात, नाकामागच्या अ‍ॅडिनॉइड्स. यांत भूल टाळायची, चादर गुंडाळायची, झटपट उरकायचं. लेखक रोआल्ड डाल आठ वर्षांचा असताना, १९२४ साली, नॉर्वेत त्याच्या अ‍ॅडिनॉइड्स भुलीशिवाय काढल्या गेल्या. साठ वर्षांनी 'बॉय' या आठवणींच्या पुस्तकात त्याने त्या सकाळचं जे वर्णन केलं त्यात डॉक्टरच्या कपाळावरचा आरसाही होता आणि हातात भांडं धरलेली परिचारिकाही. मूल विसरतं, असं म्हणणाऱ्यांना हे एक उत्तर.

दुसरं उत्तर १९४५ साली डेव्हिड लेव्ही या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने दिलं. शस्त्रक्रियेनंतर मुलांमध्ये दिसणारी रात्रीची भीती, हट्ट, चिकटून राहणं यांचा त्याने अभ्यास केला आणि त्याची तुलना युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या मानसिक आघाताशी केली. महायुद्ध नुकतंच संपत होतं, तेव्हा ही तुलना सहज केलेली नव्हती.

याच दशकात या कहाणीतला सर्वांत भयंकर भाग सुरू झाला, आणि त्यात दोरी कुठेच नव्हती.

दक्षिण अमेरिकेतले आदिवासी शिकारीसाठी बाणाला लावत ते क्युरारे हे विष स्नायूंना लुळं करतं. जानेवारी १९४२ मध्ये माँट्रियलच्या हॅरोल्ड ग्रिफिथने ते भुलीला जोड म्हणून वापरलं. पोटाचे स्नायू सैल पडले, सर्जनचं काम सोपं झालं, भूलही कमी लागली. हा शोध मोठाच होता. पण काही डॉक्टरांना वाटू लागलं की क्युरारेच रुग्णाला बेशुद्ध करतं, मग दुसऱ्या भुलीची गरजच काय? क्युरारे दिलेला रुग्ण ओरडत नाही, कण्हत नाही, पापणी हलवत नाही. तत्त्वज्ञ डॅनियल डेनेट यांनी १९७८ मध्ये या प्रकाराविषयी लिहिलं आहे. निव्वळ क्युरारेवर मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या, औषध उतरल्यावर रुग्णांनी असह्य वेदनांची तक्रार केली आणि डॉक्टरांचा विश्वास बसला नाही. त्यातले बहुतेक रुग्ण तान्ही बाळं आणि लहान मुलं होती. बोलता येणाऱ्यांवर कुणी विश्वास ठेवला नाही आणि बाकीच्यांना बोलताच येत नव्हतं.

शंका मिटवली ती स्कॉट स्मिथ नावाच्या भूलतज्ज्ञाने. अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठात त्याने स्वतःला पूर्ण शुद्धीत असताना क्युरारे टोचून घेतलं. श्वासाचे स्नायूसुद्धा थांबतील, त्याच्याही पुढे जाईल, इतकी मात्रा. सहकारी त्याला कृत्रिम श्वास देत होते, टाचण्या टोचत होते, प्रश्न विचारत होते. बोटाची हालचालही उरली नाही तेव्हा सगळ्यांना तो बेशुद्ध दिसत होता. औषध उतरल्यावर त्याने घडलेलं सगळं क्रमाने सांगितलं. काय विचारलं, कुठे टोचलं, घशात लाळ साचल्यावर गुदमरल्यासारखं कसं वाटलं, सगळं. १९४७ मध्ये हा अहवाल प्रसिद्ध झाला. स्नायू लुळे पडले तरी मेंदू जागाच राहतो, हे त्या दिवसापासून वैद्यकाला माहीत होतं. ही तारीख लक्षात ठेवायला हवी, कारण पुढची घटना तिच्यानंतर जवळजवळ चार दशकांनी घडली.

नवजात बाळांच्या बाबतीत वेगळा समज होता. १९४० च्या सुमारास मर्टल मॅग्रॉ या संशोधिकेने तान्ह्या बाळांना टाचणीने टोचून त्यांच्या प्रतिक्रिया पाहिल्या होत्या. पहिल्या काही दिवसांत त्या विस्कळित दिसल्या, आणि त्यावरून अनेकांनी निष्कर्ष काढला की बाळाचा मेंदू अजून वेदना जाणण्याइतका तयार नसतो. नसांवरचं वेष्टन पूर्ण झालेलं नसतं, असंही कारण दिलं जाई. त्याच्या जोडीला व्यावहारिक भीती होतीच. एक किलोच्या बाळाला भूल सोसेल का? लिव्हरपूलच्या गॉर्डन जॅक्सन रीस यांनी १९५० मध्ये नवजातांसाठी हलका नायट्रस ऑक्साइड आणि स्नायू शिथिल करणारं औषध अशी पद्धत मांडली. तिच्यामुळे पूर्वी टेबलावरच दगावणारी असंख्य बाळं जगली, हे विसरून चालणार नाही. पण अनेक ठिकाणी, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये, ही पद्धत आणखी पातळ होत गेली आणि शेवटी उरलं ते फक्त शिथिल करणारं औषध. छाती उघडली जात होती आणि बाळ पूर्ण शांत होतं. बांधण्याचा याहून परिपूर्ण प्रकार कुणाला सुचला नसता. ओरडण्याचाही मार्ग बंद.

१९८५ साली वॉशिंग्टनमध्ये एका अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या हृदयाजवळची रक्तवाहिनी बांधण्याची शस्त्रक्रिया झाली. जन्मानंतर ही वाहिनी आपोआप मिटायला हवी, ती अशा बाळांत कधी उघडीच राहते. काही आठवड्यांनी बाळ गेलं. नंतर आईने कागदपत्रं मागवली तेव्हा तिला कळलं की शस्त्रक्रियेच्या वेळी त्याला फक्त स्नायू लुळे करणारं औषध दिलं होतं. वेदनाशामक नाही, भूल नाही. तिने विचारणा केली तेव्हा तिला सांगण्यात आलं की इतक्या लहान बाळाला वेदना होतात याचा पुरावा नाही. ती गप्प बसली नाही. तिने पत्रं लिहिली, आणि १९८६ मध्ये वर्तमानपत्रांतून ही गोष्ट देशभर गेली. या विषयात बदल घडवणाऱ्यांची यादी केली तर त्या आईचं स्थान मी कोणत्याही प्राध्यापकाच्या खाली ठेवणार नाही.

तिकडे ऑक्सफर्डला के. जे. एस. आनंद नावाचा तरुण डॉक्टर एका प्रश्नाने हैराण झाला होता. इंदूरच्या महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर तो तिथे गेलेला. नवजात अतिदक्षता कक्षातून शस्त्रक्रियेसाठी गेलेली बाळं परत येत ती राखाडी पडलेली, नाडी आणि रक्तदाब कोलमडलेला, सावरायला तासन्‌तास लागणारी. शस्त्रक्रिया व्यवस्थित झालेली असायची. मग आत घडतं काय, हे पाहायला तो शस्त्रक्रियागृहात गेला आणि उत्तर समोरच होतं. १९८७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. बाळं अवघी १६. सगळ्यांना प्रचलित पद्धतीने नायट्रस ऑक्साइड आणि क्युरारे, आणि निम्म्यांना त्याबरोबर फेंटॅनिल हे वेदनाशामक. ज्यांना फेंटॅनिल मिळालं नव्हतं त्यांच्या रक्तात तणावाच्या संप्रेरकांचा आणि साखरेचा अक्षरशः पूर आला होता, आणि नंतरची गुंतागुंतही त्यांच्यातच जास्त होती. शरीर हललं नव्हतं, पण रक्ताने सगळं नोंदवून ठेवलं होतं. त्याच वर्षी अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने नवजातांनाही भूल आणि वेदनाशमन द्यायला हवं असं जाहीर केलं. पाच वर्षांनी आनंद आणि पॉल हिकी यांनी नवजातांच्या हृदयशस्त्रक्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भरपूर वेदनाशमन मिळालेल्या ३० बाळांपैकी एकही दगावलं नाही, तर तुलनेच्या हलक्या भुलीच्या गटातल्या १५ पैकी ४ दगावली. तोवर वेदनाशमन ही डॉक्टरांच्या दयाळूपणाची बाब समजली जात होती. आता ती जीव वाचवण्याची बाब ठरली.

अमेरिकेत नवजात मुलांची सुंता रुग्णालयात करण्याची प्रथा आहे. त्यासाठी बाळाच्या आकाराचा साचा असलेला प्लास्टिकचा फळा असतो आणि हातपाय पट्ट्यांनी त्याला बांधतात. १९९७ मध्ये टोरांटोच्या अ‍ॅना टॅडिओ यांनी अशा मुलांना चार किंवा सहा महिन्यांच्या लशीच्या वेळी पाहिलं. सुंतेच्या वेळी बधिर करणारं मलम न मिळालेली मुलं लशीच्या सुईला सर्वांत जास्त रडली. ज्यांना मलम मिळालं होतं ती त्यांच्यापेक्षा कमी, आणि ज्यांची सुंता झाली नव्हती ती सर्वांत कमी. आठवण सांगता येत नाही त्या वयातही शरीर काहीतरी जपून ठेवतं. पुढच्या वर्षी कर्करोगाच्या मुलांवरचा एक अभ्यास आला. पाठीतलं पाणी काढणं, हाडातला मगज काढणं हे या मुलांना पुन्हा पुन्हा सोसावं लागतं. ज्यांना पहिल्या खेपेला खरं वेदनाशामक मिळालं नाही, त्यांच्यातल्या आठ वर्षांखालच्या मुलांना पुढच्या खेपांना ते देऊनसुद्धा जास्त दुखत राहिलं. पहिल्या खेपेला दाबून धरून 'निभावून नेलं' की पुढच्या सगळ्या खेपांची किंमत वाढते. परळच्या टाटा रुग्णालयाच्या दारात गावोगावची मुलं याच उपचारांसाठी येतात. ही बाब त्यांच्या आईबापांपर्यंत पोचायला हवी असं मला मनापासून वाटतं.

मग बांधणं अजिबातच नको का? तसं नाही. भूल दिलेलं मूल टेबलावरून घसरू नये म्हणून पट्टा लावतात, तो हवाच. सलाईनची सुई निघू नये म्हणून औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून हाताला बांधतात, त्यात गैर काही नाही. शुद्धीवर येताना काही मुलं भान नसताना हातपाय झाडतात, तेव्हा त्यांना धरावंच लागतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा तपासताना त्याला दुपट्यात नीट गुंडाळलं आणि जिभेवर साखरेच्या पाण्याचे थेंब दिले तर त्याचा त्रास कमी होतो. आपल्या आज्या बाळाला दुपट्यात घट्ट बांधत, त्यातलं सुख बाळाला कळतं. बांधणं एकच असलं तरी ते कुणासाठी आहे, एवढा प्रश्न विचारला की फरक दिसतो. दुभंगलेल्या टाळूच्या शस्त्रक्रियेनंतर मुलाने तोंडात बोटं घालू नयेत म्हणून कोपरांना फळ्या बांधण्याची पद्धत आहे. त्यावर तुलनात्मक अभ्यास झाले तेव्हा फळ्या बांधलेल्या आणि न बांधलेल्या मुलांच्या जखमांमध्ये लक्षणीय फरक सापडला नाही. अनेक सर्जन तरी त्या बांधतात, सवयीने आणि धास्तीने. मी त्यांना क्रूर म्हणणार नाही, पण पुरावा त्यांच्या बाजूचा नाही.

दातांच्या दवाखान्यात हा प्रश्न सर्वांत उघडा पडतो. मुलाला फळ्यावर ठेवून वेल्क्रोच्या पट्ट्यांत गुंडाळण्याची साधनं आपल्याकडेही वापरली जातात. एके काळी ओरडणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात दाबून त्याला गप्प करण्याचं तंत्र पाठ्यपुस्तकांत होतं. अमेरिकन बालदंतवैद्यांच्या अकादमीने ते २००६ मध्ये मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकलं. पट्ट्यांसाठी त्यांचे नियम आज कडक आहेत. आईवडिलांची वेगळी संमती घ्यायची, शिक्षा म्हणून किंवा डॉक्टरच्या सोयीसाठी कधीच वापरायचं नाही, श्वास आणि रक्ताभिसरणावर लक्ष ठेवायचं. कारण छाती आवळली गेली, मूल ओकलं आणि त्याला मान वळवता आली नाही, तर पट्टाच जीवघेणा ठरतो.

पालकांना भुलीची भीती वाटते, आणि त्या भीतीपायी ते स्वतःच 'धरून करून टाका डॉक्टर' म्हणतात. त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून लांब किंवा वारंवार भूल देण्याबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये सावधगिरीचा इशारा दिला. पण छोट्या भुलीबद्दल आता भक्कम माहिती आहे. सात देशांतल्या ७२२ बाळांचा हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांपर्यंत पाठपुरावा झाला. निम्म्यांना तासाभराहून कमी वेळाची पूर्ण भूल मिळाली होती, बाकीच्यांना फक्त पाठीतून कमरेखाली बधिर करून जागेपणीच शस्त्रक्रिया झाली होती. २०१९ मध्ये निकाल आला. पाच वर्षांच्या वयात दोन्ही गटांच्या बुद्धीत फरक नव्हता. जागेपणीच्या गटाविषयी मला जास्त कुतूहल आहे. असं बाळ टेबलावर डोळे उघडे ठेवून पडलेलं असतं, कुणीतरी त्याचे हात हलकेच धरलेले असतात, तोंडात साखर लावलेली चोखणी असते, आणि पुष्कळदा ते चक्क झोपून जातं. हात धरलेले आहेत, पण दुखत नाही.

आपल्या तालुक्याच्या गावात भूलतज्ज्ञ बोलवावा लागतो. तो दोन रुग्णालयं करून येतो आणि त्याची फी वेगळी असते. त्यामुळे 'छोट्या' कामाला त्याला बोलवत नाहीत. हे मान्य केलं तरी हाताशी बरंच काही उरतं. लिग्नोकेन आणि प्रिलोकेन असलेलं मलम औषधाच्या दुकानात मिळतं. डॉक्टरांच्या सल्ल्याने तासभर आधी लावून ठेवलं तर सुईची टोच फारशी जाणवत नाही. चेहऱ्यावरची लहान, सरळ जखम वैद्यकीय गोंदाने चिकटवता येते, टाक्यांची गरजच पडत नाही. बधिर करणारं इंजेक्शन बारीक सुईने, सावकाश दिलं तर कमी झोंबतं. घाबरलेल्या मुलाला मिडॅझोलाम तोंडाने किंवा नाकात फवारून देता येतं, आणि टाके जास्त असतील तर श्वासावर लक्ष ठेवायची सोय असलेल्या ठिकाणी केटामाइन. १९७० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं हे औषध आपल्या रुग्णालयांच्या रोजच्या वापरातलं आहे. आणि काहीच नसेल तर मांडी आहे. मुलाला उताणं झोपवून चौघांनी दाबण्याऐवजी आईच्या मांडीवर, तिच्या छातीशी, उभं बसवलं तर सलाईन लावताना मुलांचा आकांत कमी होतो, असं २००७ च्या एका अमेरिकन अभ्यासात आढळलं. आईचं काम मिठी मारण्याचं. पाय धरण्याचं काम तिच्यावर टाकू नये, आणि तिला ते नको असेल तर तिने तसं सांगावं.

ड्रेसिंग रूमच्या दारात पालकाने विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. हे आत्ताच करायला हवं का, की मलम लागेपर्यंत तासभर थांबता येईल? बधिर केलंय का, आणि पहिला टाका घालण्याआधी ते चढलंय याची खात्री केली का? मूल सावरलंच नाही तर आपण कुठे थांबणार? शेवटचा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. रक्त वाहत नसेल, श्वासाला धोका नसेल, तर स्वच्छ जखम झाकून काही तासांनी, भूलतज्ज्ञ आल्यावर टाके घातले तरी बहुधा चालतं. चेहऱ्यावरच्या जखमेला तर त्याहून जास्त मुभा असते, कारण तिथला रक्तपुरवठा भरपूर असतो. अर्धवट थांबण्याची ही मुभा डॉक्टरांना असते, पालकांना असते, आणि दोघांपैकी कुणीही ती पहिल्यांदा बोलून दाखवू शकतो.